खालचा आवाज

"मावशी, एक सांगायचं होतं. रागावू नकोस हं. या गाण्यात तुझा आवाज नको. म्हणजे, काढूनच टाक. बाकी सगळं तू म्हणशील तसं. चल, नंतर बोलू."

माझ्या भाचीने हा निरोप फोनवर बोलून पाठवला, तोसुद्धा जिन्यातून. जिन्यातून बोलतेय असं तिने सांगितलं नव्हतं, पण मला कळणारच ना! सिमेंटच्या जिन्यात आवाज कसा घुमतो ते मी झोपेतसुद्धा ओळखीन, माझं पोट त्यावर चालतं. शिवाय ही बाई एकदा बोलायला लागली की श्वास घ्यायला थांबत नाही, आणि इथे प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम. म्हणजे सगळं पाठ करून आली होती.

रागावू नकोस म्हणे! असं म्हटलं की माणूस आधी रागावून घेतो आणि मग पुढचं ऐकतो, एवढं या पोरींना कळू नये? मी निरोप पुन्हा लावला. मग आणखी एकदा. मग ताईला फोन केला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, या पोरीची आई.

"तुझ्या लेकीने मला गाण्यातून हाकललंय, तेही जिन्यातून बोलून," मी म्हटलं.

"मला तर ती आयुष्यातलं सगळं जिन्यातूनच सांगते," ताई म्हणाली. "तुला निदान कारण तरी सांगितलं का?"

"नाही."

"मग आपण दोघी सारख्याच," ताई म्हणाली आणि तिच्या गुडघेदुखीकडे वळली.

मी गाणी मिक्स करते. एका गाण्यातली माणसं हल्ली एकत्र बसत नाहीत. गिटारवाला त्याच्या घरी वाजवतो, ड्रमवाला दुसऱ्या गावी, गायिका तिसरीकडेच. मग त्या सगळ्यांच्या फायली माझ्याकडे येतात आणि माझ्या कॉम्प्युटरवर एकाखाली एक पट्ट्या होऊन बसतात. कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे बसवायचं, कुणाचा गढूळपणा काढायचा, कुणाला थोडी मोकळी जागा द्यायची, हे मी ठरवते. घराच्या मागच्या खोलीत माझं हे राज्य. भिंतींना स्पंज चिकटवलेला, दारामागे जुनी गादी उभी केलेली. बाहेरचा आवाज आत येत नाही आणि माणूसही सहसा येत नाही.

पूर्वी एक माणूस यायचं. भाचीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती लहानपणी एका जागी उभी म्हणून राहायची नाही. शिकायला ती माझ्याकडे राहायला आली आणि शिक्षण संपलं तरी राहिली. माझ्या कपाटात, कोटांच्या आणि साड्यांच्या मधोमध उभी राहून ती गायची. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, आणि महागड्या खोलीचं काम फुकटात होतं. ती वरचा सूर धरायची आणि त्याच ओळीखाली मी खालचा. माझा आवाज काही गायिकेचा नाही, जाडाभरडाच आहे. पण तिच्या आवाजाखाली तो अंथरला की तिचा आवाज कसा भरून यायचा! ऐकणाऱ्याला मी तिथे आहे हे कळायचंही नाही. तिच्या प्रत्येक गाण्यात मी होते.

मग तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. तिथे तिने एक खोली भाड्याने घेतली, आणि तिथेच तिला तो दाढीवाला भेटला. भलते अर्थ काढू नका, दाढी तिच्या गाण्यांची व्यवस्था बघतो. त्याचं खरं नाव मला तिने सांगितलं होतं, पण मी मुद्दाम लक्षात ठेवलं नाही. आवाज काढायची अक्कल त्याचीच असणार, असं मी मनात पक्कं करून टाकलं आणि त्याच्या नावाने बोटं मोडत कामाला बसले.

गाणं तिनेच लिहिलेलं होतं. धून साधी, पण चांगली. मी नेहमीप्रमाणे मागच्या गाण्याची मांडणी उघडली, जुन्या फायली काढून तिथे नव्या टाकल्या. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. कोण पुन्हा पहिल्यापासून ताटं-वाट्या मांडणार? गिटारच्या खालच्या भागात गढूळ पाणी साचल्यासारखं होतं, ते इक्वलायझरने उपसून काढलं. ड्रमच्या झांजा कानात टोचत होत्या, त्यांची टोकं बोथट केली. मग तिचा आवाज. धृपदाची ओळ होती, 'या खोलीत अजून मला कुणी हाक मारली नाही'. त्यातला 'खोलीत'चा 'ख' माइकवर धाडकन आदळत होता, तो खालून कापला. 'हाक'चा 'ह' विरून जात होता, त्याला वरून थोडी हवा दिली. ओळ सतत फिरवत ठेवली होती. ख, ह, ख, ह. दुपारभर तेवढंच ऐकत होते. आणि ओळीच्या शेवटी 'नाही'च्या लांबवलेल्या सुरावर तिचा आवाज जरा हलत होता. तिथे माझा आवाज असता तर झालं असतं. नेहमी तेच तर होतं.

माझी पट्टी तळाशी होती. हो, मी माझा आवाज आधीच गाऊन ठेवला होता! कच्ची चाल आली त्याच दिवशी, कुणी सांगायची वाट न बघता. मला काय माहीत, हात पुढे करायच्या आधीच ताट उचललं जाणार आहे ते.

आता आवाज बंद करायचे दोन रस्ते असतात. एक, म्यूटचं बटण दाबायचं. पट्टी जागच्या जागी गप्प. दुसरा, फेडर, म्हणजे ती वर-खाली सरकणारी दांडी, तळापर्यंत ओढायची. पट्टी सरळ पुसून टाकणं हाही एक रस्ता आहे, पण त्याचा मी विचारसुद्धा केला नाही. म्यूटवर बोट नेलं आणि जिवावर आलं. एका टिचकीत गप्प बस म्हणायचं, स्वतःलाच? मी फेडर धरला आणि गाणं चालू असताना हळूहळू खाली ओढत नेला. मी मागे गेले, आणखी मागे गेले, आणि मग नव्हतेच.

पण पुढच्या धृपदात मी पुन्हा होते.

अगदी पुसट. शब्द नाहीत, नुसता आकार. मी फेडर बघितला, तो तळाशीच होता. गाणं थांबवलं, लावलं. पुन्हा तेच. मग मला हसू आलं. आमच्या जमातीला हा रोगच आहे. मागे एकदा मी एका गायकाच्या आवाजावर इक्वलायझरची चकती अर्धा-अधिक तास फिरवत बसले होते, आणि तो समोर बसून म्हणत होता, वा, आता कसं खुललं! मलाही खुलल्यासारखं वाटत होतं. मग कळलं की तो इक्वलायझर चालूच केलेला नाही. आमच्या धंद्यातला एक तरी माणूस दाखवा, ज्याने हा पराक्रम केलेला नाही. तेव्हापासून मी कानाला खडा लावला आहे, की खूप वेळ ऐकलेले कान खोटं बोलतात. इथे तर आवाज माझाच, ओळ माझ्या तोंडात बसलेली. मनच गातंय, असं म्हणून मी तोंड धुवून आले, उरलेलं काम उरकलं आणि गाणं पाठवून दिलं. खाली एक ओळ लिहिली, 'सांगितलंस तसं केलंय.' जरा फणकाऱ्यानेच.

पूर्वी मी असं परस्पर पाठवत नसे. आमच्यात प्रत्येकाची शेवटची एक परीक्षा असते. कुणी गाडीत बसून ऐकतं, कुणी फोनच्या टिचभर स्पीकरवर. माझी परीक्षा स्वयंपाकघराची. खोलीचं दार उघडं टाकायचं, गाणं लावायचं आणि स्वयंपाकघरात नळ सोडून कपबश्या धुवायच्या. तेवढ्या गोंगाटातून शब्द पोचले तर मिक्स जमलं. भिंगरी होती तेव्हा ती तिकडे कपबश्या धुवायची आणि मी खोलीतून ओरडायचे, "भिंगरेऽऽ!" ती तिकडून ओ द्यायची, "ओऽऽ! शब्द कळले!" नाहीतर, "काऽही कळलं नाही, नुसती गुणगुण!" दिवसभर या घरात अशा हाका चालायच्या. ती गेल्यावर मला दोन्हीकडे एकटीलाच असावं लागतं, म्हणून मी ही परीक्षा अलीकडे टाळायला लागले होते. खरं सांगायचं तर, नळ बंद केला की घर एकदम फार शांत होतं, ते मला सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. निरोप नाही, चक्क फोन.

"मावशी, दाढी वेडा झालाय," ती म्हणाली. "धृपदाखाली ते दुरून काहीतरी येतं ना, धुक्यासारखं, ते त्याला भयंकर आवडलंय. कुठलं प्लगइन, कुठला इफेक्ट लावलाय, विचारतोय."

"कुठलं म्हणजे?" मी म्हटलं. "मी तर काहीच..."

"बघून सांग," ती म्हणाली. आवाज जपून टाकत होती, ओल्या फरशीवरून चालावं तसा. "काही घाई नाही."

मी गाणं उघडलं आणि घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला बसले. फार शोधावं लागलं नाही. आवाज दूरचा वाटावा म्हणून आम्ही त्याला रिव्हर्ब देतो, म्हणजे एखाद्या मोठ्या दालनात घुमल्यासारखा भास. त्यासाठी पट्टीतून एक फाटा काढून तिकडे वळवायचा. हा फाटा फेडरच्या पुढून काढता येतो किंवा आधी. आधी काढला, तर पाण्याचा मुख्य कॉक बंद केला तरी त्याच्या अलीकडून नेलेल्या नळाला पाणी येत राहावं तसं होतं. मागच्या गाण्यात मला माझा आवाज लांब लांब जाताना ऐकवायचा होता, तेव्हा मी फाटा आधी काढला होता. मांडणी तीच उचलली, फाटा तसाच राहिला. म्यूट दाबलं असतं तर तो फाटाही बंद झाला असता. पण मला दाबवलं नव्हतं ना.

मी बाकी सगळं गप्प केलं आणि नुसता तो रिव्हर्ब ऐकला. मीच होते. शब्द झिजून गेलेले, सूर तेवढा शिल्लक. रिकाम्या पाण्याच्या टाकीत कुणी बाई गुणगुणत असावी तशी. आधी मला हसू आलं, मेली जाता जाईना म्हणून. आणि मग रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. त्या खोलीत रडायची एक सोय आहे, बाहेर कुणाला ऐकू जात नाही.

रडून झाल्यावर डोकं चालू लागलं. कुणालाच माहीत नव्हतं. दाढीला आवडलं होतं. मी एखाद्या प्लगइनचं नाव ठोकून दिलं असतं तर ते गाणं तसंच बाहेर गेलं असतं, आणि ते गाणं असेपर्यंत मी त्यात राहिले असते. तिच्या शेजारी, तिच्या खाली, जिथे मी नेहमी होते तिथे. मला दुसरं काय हवं होतं? मला तेवढंच हवं होतं.

मी चहा केला. तो पीत असताना डोळ्यांपुढे एक भलतंच चित्र आलं. भिंगरीने मला सांगितलंय की मावशी, जा आता घरी. मी हो म्हणून दार ओढून घेतलंय आणि तिच्याच पलंगाखाली पाय दुमडून पडून राहिलेय. ती वर एकटी आहे असं समजून गातेय, आणि ही म्हातारी खाली दबक्या श्वासाने पडलेली. शी! कुणी सांगितलंय हे? चहा अर्धा टाकून मी फोन लावला.

"भिंगरे, प्लगइन-बिगइन काही नाही," मी म्हटलं. "ती मी आहे."

ती म्हणाली, "माहितीये."

"माहितीये? केव्हापासून?"

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून. अगं मावशी, मला तुझा आवाज कळणार नाही का?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तू मुद्दाम ठेवलास. म्हटलं ठेवलास तर ठेवलास, पुन्हा नको म्हणायची माझी हिंमत नाही. तो निरोप पाठवला तेव्हा जिन्यातच बसून राहिले होते कितीतरी वेळ. शेजारच्या काकू विचारायला लागल्या, चक्कर आली का म्हणून."

"मुद्दाम नव्हतं गं," मी म्हटलं, आणि म्यूटचं बटण कसं दाबवलं नाही ते तिला सांगितलं. सांगताना आवाज हलला. हलू दिला. "पण आता दाढीला आवडलंच आहे, तर राहू दे की. अं? कुणाला कळतंय?"

हे मी विचारलं. लाज सोडून विचारलं.

"मावशी, दाढीचा यात काही संबंध नाही," ती म्हणाली. "आवाज काढायचं मीच ठरवलं. तू खाली असलीस ना, की मी टेकते. ओळीच्या शेवटी सूर पेलत नाही, तिथे मी सरळ सोडून देते, कारण तू धरतेस. मला वाटायचं मला येतं. मागे इथे लोकांसमोर एकटी गायले. शेवटचा सूर सोडला आणि खाली कुणी नाहीच. पडलेच मी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना काय! पण मला कळलं."

आजवर मला वाटत होतं मी तिला भरून काढतेय.

"तू सांग, काय करू," ती म्हणाली.

"मला नको विचारूस. मी त्यातच आहे."

"मग काढ," ती म्हणाली. "पूर्ण काढ."

"आणि त्या दाढीला काय सांगशील?"

"सांगेन, मावशी होती, गेली."

"अगं नीट बोल, मेल्यासारखं वाटतंय!"

ती हसली, मीही हसले. दोघींचं हसणं जरा जास्तच लांबलं, आणि मग तिला कुठेतरी जायचं होतं.

मी खोलीत गेले. म्यूट दाबलं, आणि तेवढ्यावर न थांबता पट्टीच पुसून टाकली. गाणं लावलं. 'नाही'च्या सुरावर तिचा आवाज हलला. माझा हात सवयीने रिव्हर्बकडे गेला. थोडा घुमारा दिला की असलं थरथरणं झाकलं जातं, ते तर आमचं कामच आहे. हात मागे घेतला. उलट तिच्या आवाजावरचा होता तोही रिव्हर्ब काढला आणि तिला पुढे आणून उभं केलं, अगदी कानाशी, कोरडी. गिटारला थोडं मागे सरकवलं. आता झाकायला काहीच नव्हतं. ऐकताना मला भीती वाटत होती, पोर पहिल्यांदा एकटी रस्ता ओलांडताना वाटते तशी.

आणि या खेपेला मी परीक्षा चुकवली नाही. दार उघडं टाकलं, गाणं लावलं, स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि कालपासूनचे कप विसळायला घेतले.

धृपद आलं. ओळ शेवटाकडे निघाली आणि माझं तोंड आपसूक उघडलं, खालचा सूर गळ्याशी येऊन उभा. मी तोंड मिटलं. दात आवळून मिटलं. तिकडे ती एकटी त्या सुरावर गेली, हलली, अगदी पडेल असं वाटलं, आणि उभी राहिली. वेडीवाकडी, पण उभी.

आणि तेव्हा मला शब्द कळले. या खोलीत अजून मला कुणी हाक मारली नाही. काल दुपारभर मी त्या ओळीतले 'ख' कापत होते, 'ह' फुगवत होते, ती काय म्हणतेय हे एकदाही ऐकलं नव्हतं. या घरातून, जिथे दिवसभर इकडून तिकडे हाका चालायच्या, ती पोर उठून एका नव्या खोलीत जाऊन राहिली होती. आणि मी इथे बसून माझा एक आवाज गेला म्हणून रडत होते.

मी नळ बंद केला. ओल्या हातानेच फोन लावला.

"झालं का?" तिने विचारलं.

"झालं. पाठवते. कुठे आहेस?"

"खोलीत. का गं?"

"फोन स्पीकरवर टाक आणि खोलीच्या मधोमध ठेव."

"कशाला पण?"

"ठेव म्हणते ना!"

तिने ठेवला. ठेवल्याचा टक् आवाज आला आणि पाठोपाठ तिची पावलं घुमली. उघड्या भिंती, खिडकीला पडदा नाही, सामान नाहीच म्हणायचं. मी एवढ्यावरूनच ती खोली बघितली. मग स्वयंपाकघराच्या मध्यावर उभी राहून, इथून तिकडे मारायचे तशी, पोटातून हाक मारली.

"भिंगरेऽऽ!"

तिने ओ दिली.

"पडदे लाव गं बाई त्या खोलीला," मी म्हटलं, आणि उरलेले कप विसळायला घेतले.